जूनमध्ये अल्गोन्क्विन: काळ्या माश्या, डास आणि बाकीची मंडळी

वल्हेकर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अल्गोन्क्विनच्या (कॅनडातल्या ऑन्टारिओमधलं तळ्या-जंगलांचं उद्यान) आतल्या भागात कॅनोने, म्हणजे वल्ह्याच्या होडीने, जायचं ठरलंय. तीन रात्री, चार दिवस. चार मोठे, सहा वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचं बाळ. रोज एक पोर्टाज (होडी आणि सामान उचलून पायी चालायचा टप्पा), सगळ्यात लांब सव्वा किलोमीटरचा. तंबू, स्टोव्ह, लाइफ जॅकेट यांची यादी तयार आहे, कीटकांचं मात्र काही ठरत नाही. अंगाला काय लावायचं, किती न्यायचं? भारतातून येणारा ओडोमॉस चालेल का? तारीख पुढेमागे केली तर फरक पडतो का? बाळाचं काय करायचं? "स्प्रे मारा आणि जा" एवढंच उत्तर नको, जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तळ्याकाठी

तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला हवा. जूनचा दुसरा आठवडा म्हणजे काळी माशी अजून गेलेली नाही आणि डास ऐन भरात. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडायचा नाही.

साधारण वेळापत्रक असं. काळी माशी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. तिच्या अळ्या वाहत्या पाण्यात, दगडांना चिकटून वाढतात, म्हणून ओढे, धबधबे आणि रॅपिड्सच्या (खळाळत्या प्रवाहाच्या) आसपास ती जास्त. आणि पोर्टाज असतात नेमके तिथेच. डास मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत. बर्फ वितळून जंगलात जी डबकी साचतात त्यांत ते होतात, आणि तिथल्या बऱ्याच जातींची वर्षाला एकच पिढी असते, त्यामुळे जुलै सरताना आपोआप ओसरतात. नोसीयम, म्हणजे एक ते तीन मिलीमीटरचं घुंगुरटं, जून-जुलैत, संध्याकाळी वारा पडला की. डीअरफ्लाय आणि तिची थोरली बहीण हॉर्सफ्लाय (आपली गोमाशी) जूनअखेर ते ऑगस्टची सुरुवात, भर उन्हात. जुलै-ऑगस्टमध्ये घरमाशीसारखी दिसणारी एक माशी कॅनोत बसलेल्यांचे घोटे मोज्यावरून फोडते, ती वेगळीच.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतर यातलं जवळजवळ काही उरत नाही आणि पाणी पोहण्याइतपत कोमट असतं. बाळाला घेऊन जायचं तर तेव्हा जा.

वल्हेकर

तारीख बदलणं शक्य नाही. रजा आणि परमिट दोन्ही झालंय. आता आहे त्यात भागवायचं.

तळ्याकाठी

मग शत्रू ओळखून घ्या, कारण काळी माशी आणि डास यांचा बंदोबस्त एक नाही.

डास सोंड खुपसतो. काळी माशी कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. तिच्या लाळेत जागा बधिर करणारं आणि रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे चावताना कळतच नाही. कानामागे ओलं लागतं, हात फिरवला तर बोटाला रक्त. तासाभराने तिथे टणक गाठ येते, मधोमध लाल टिपका. ती बसते अंगावर कुठेही, पण लगेच चावत नाही. चालत राहते आणि फट शोधते: केसांची कड, कानामागचा खळगा, कॉलर, मनगटाचं बटण, पँट आणि मोजा यांच्यामधली दोन बोटं जागा, टोपीच्या पट्ट्याखाली. म्हणून काळ्या माशीला फटी बुजवणं हा उपाय, आणि डासाला कापडाची जाडी.

दुसरा फरक वेळेचा. काळी माशी दिवसा चावते, अंधारात नाही. तंबूत चुकून शिरली तर चावायचं सोडून छताकडे चढत राहते, बाहेर पडायची वाट शोधत. तिथे तिला मारत बसू नका. डास मात्र एक जरी आत राहिला तरी रात्रभर पुरतो. दोघंही साधारण १० अंशांखाली मंदावतात, म्हणून पहाटेच्या गारव्यात निघून पोर्टाज उरकून घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

सुईदोरा

कपड्यांबद्दल लिहिते, कारण सत्तर टक्के काम इथेच होतं आणि लोक सगळे पैसे बाटलीवर घालवतात.

लेगिंग, टी-शर्ट, विणीचं कुठलंही ताणलं जाणारं कापड बाद. डासाची सोंड त्यातून आरपार जाते. घट्ट विणलेली पातळ नायलॉनची पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या, एक माप मोठा, म्हणजे कापड कातडीला चिकटत नाही. खांदे आणि पाठ हे डासाचं हक्काचं ठिकाण, कारण वल्हवताना शर्ट तिथेच ताणून बसतो.

रंग फिका: खाकी, राखाडी, बदामी. काळा, गडद निळा आणि जांभळा टाळा, काळी माशी आणि डीअरफ्लाय दोघींना तेच रंग ओढतात. जीन्स तर नकोच. निळी, वर ओली झाली की वाळत नाही.

शर्ट पँटमध्ये, पँट मोज्यांत. दिसायला ध्यान दिसतं, दिसू दे. मनगटाला बटणाऐवजी इलॅस्टिक असलेली बाही उत्तम. बटणच असेल तर वर एक रुंद रबरबँड, फार घट्ट नाही. शर्टाच्या पुढच्या पट्टीत दोन बटणांमधली जी फट असते तिच्यातूनही काळी माशी आत जाते, तिथे आतून एकेक टाका घालून टाका किंवा चेनवाला शर्ट घ्या.

डोक्याची जाळी काळ्याच रंगाची घ्या. पांढऱ्या जाळीतून उन्हात समोरचं दिसत नाही, पोर्टाजवर मुळांना अडखळाल. खाली काठ असलेली टोपी हवीच. जाळी नाकाला किंवा कानाला टेकली की तिथेच चावा बसतो. आणि जाळी घालून स्टोव्हपाशी वाकू नका, सिंथेटिक जाळी ज्वाळेजवळ वितळते.

फार्मसीवाला

लावायच्या औषधांबद्दल.

डीट हे कीटकांना दूर ठेवणारं नेहमीचं रसायन. कॅनडात अंगाला लावायचं डीट जास्तीत जास्त ३० टक्क्यांचं मिळतं. टक्के वाढले की जोर वाढत नाही, टिकाऊपणा वाढतो: १० टक्के सुमारे तीन तास, ३० टक्के सुमारे सहा. सीमेपलीकडून, अमेरिकेतून कोणी ९८ टक्क्यांची बाटली आणून देत असेल तर त्यात काही मोठं शौर्य नाही, पन्नासच्या पुढे टिकण्यातही फारसा फरक पडत नाही.

दुसरा पर्याय इकारिडिन २० टक्के, यालाच अमेरिकेत पिकारिडिन म्हणतात. डासांवर डीटच्या तोडीचं, टिकतं सातेक तास, वास जवळजवळ नाही, आणि प्लॅस्टिक खात नाही. सहा महिन्यांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कॅनडातले बालरोगतज्ज्ञ आधी हेच सुचवतात. तुमच्या घरासाठी मी सगळ्यांना एकच, इकारिडिन, घेईन.

डीटच घेतलं तर त्याचे हिशेब वेगळे. सहा महिन्यांच्या आत अजिबात नाही. सहा महिने ते दोन वर्षं: १० टक्क्यांपर्यंतचं, दिवसातून एकदा. दोन ते बारा वर्षं: १० टक्क्यांपर्यंतचं, दिवसातून तीनदापर्यंत. शिवाय डीट चष्म्याची फ्रेम, घड्याळाची प्लॅस्टिकची काच, स्पॅन्डेक्स, रेयॉन, वल्ह्याचं व्हार्निश यांना खराब करतं. सुती, लोकर आणि नायलॉनला काही होत नाही. बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, तंबूच्या कापडाला लागून नको.

लावायचा क्रम: आधी सनस्क्रीन, ते मुरू द्यायचं, दहा-पंधरा मिनिटांनी वरून रिपेलंट (हेच कीटक दूर ठेवणारं औषध). दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नका, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं आणि हे नाही. चेहऱ्यावर फवारायचं नाही, तळव्यावर घेऊन लावायचं, पापण्या आणि ओठ सोडून. एक रेषाही सुटता कामा नये: कानामागे, मान, केसांची कड, मनगटं, घोटे. कपड्याखालच्या अंगाला लावायचं नाही. मुलीच्या तळहातांना नाही, ते डोळ्यांत आणि तोंडात जातात. झोपायच्या पिशवीत शिरण्याआधी धुऊन टाका, तळ्यात उतरून नव्हे, भांड्यात पाणी घेऊन काठापासून लांब.

किती न्यायचं: सुईदोरा यांनी सांगितलेले कपडे असतील तर उघडी राहतात फक्त चेहरा, मान आणि हात. एका वेळी दोन-तीन मिली लागतं. दोन मोठ्यांत १०० मिलीची पंपवाली बाटली चार दिवस आरामात पुरते. एरोसोल नको, निम्मं वाऱ्यावर जातं.

नवखा_टोरांटो

आणि ओडोमॉस? घरी सहा ट्यूब पडल्यात.

फार्मसीवाला

ओडोमॉसमध्ये डीट नसतं, त्याच्या जवळचं एन एन डायइथाइल बेन्झामाइड असतं, १२ टक्के. आपल्याकडच्या गच्चीवरच्या डासांना, दोन-तीन तासांसाठी ठीक. कॅनडात त्याची नोंदणी नाही, म्हणून लहान मुलांना इथे किती, कधी याचं लेबल तुमच्या हाती नाही. काळ्या माशीपुढे त्याच्या भरवशावर बसू नका. कडुलिंबाचं तेल, सिट्रोनेलाच्या मनगटपट्ट्या, लसणाच्या गोळ्या, बी जीवनसत्त्व, कुंई आवाज करणारी यंत्रं: सगळं घरी ठेवा.

आणि हसू नका, पण सांगावं लागतं: बेअर स्प्रे अंगाला किंवा तंबूला फवारायचा नसतो. तो मिरचीचा अर्क आहे, अस्वलाच्या तोंडावर मारायचा.

मिनेसोटाकर

बाउंडरी वॉटर्सच्या (मिनेसोटातला असाच कॅनोचा इलाखा) बाजूने एक भर: परमेथ्रिन, हे कीटकनाशक. ते अंगाला लावायचं नसतंच (कातडीवर थोड्याच वेळात निकामी होतं), कपड्यांना लावायचं. अमेरिकेत ०.५ टक्क्याची बाटली कुठल्याही कॅम्पिंगच्या दुकानात मिळते.

पद्धत: घराबाहेर, वारा नसताना, कपडे हँगरवर. १५ ते २० सेंटिमीटरवरून दोन्ही बाजूंनी कापड ओलसर दिसेपर्यंत फवारायचं. कॉलर, कफ, पँटचा तळ आणि मोज्यांवर जास्त हात फिरवायचा. दोन तास वाळवायचं, दमट हवेत चार. सहा आठवडे किंवा सहा धुण्या टिकतं. आतल्या कपड्यांना नाही. घरात मांजर असेल तर पूर्ण वाळेपर्यंत लांब ठेवा, ओलं परमेथ्रिन मांजराला जीवघेणं असतं. माशांनाही विषारी, म्हणून हे काम घरी करून निघायचं, तळ्याकाठी नव्हे.

फार्मसीवाला

बरोबर, फक्त वल्हेकरांसाठी दुरुस्ती: कपड्यांवर मारायची ही बाटली कॅनडात विक्रीसाठी नोंदलेली नाही. इथे कारखान्यातूनच प्रक्रिया करून आलेले शर्ट-पँट मिळतात. मोठ्यांनी घ्यावेत. मुलांसाठी घेण्याआधी वयाची अट लेबलवर वाचा.

चूलबोळकी

जागा निवडणं कोणीच लिहिलं नाही. डास उडण्यात कच्चा असतो, ताशी १०-१५ किलोमीटरचा वारा असला की त्याचं काही चालत नाही. म्हणून कॅम्पसाइट बेटावरची किंवा पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावरची, खडकाळ, पश्चिमेकडे उघडी. त्या भागात उन्हाळी वारा बहुधा पश्चिमेकडचा. नकाशावर दलदल किंवा बीव्हरचा बांध जवळ दिसला तर पुढची साइट बघा. दुपारी दोन-तीनलाच मुक्कामाला पोचा, उशिरा पोचणाऱ्याला उरलेली दलदलीची साइट मिळते.

जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. डासांची पाळी त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सुरू होते. जेवण सातला उरकलेलं, भांडी घासलेली, जेवणाची पिशवी टांगलेली, आणि साडेआठला सगळे तंबूत. हे वेळापत्रक कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त उपयोगी.

तंबूची चेन: एकाने आत जायचं तर बाहेर उभं राहून अंग झटकायचं, एका हाताने चेन हातभर उघडायची, आत, लगेच बंद. सहा जण सहा वेळा नाही, तीन-तीन करून एकदाच. आत गेल्यावर दिवा लावून पाच मिनिटं शिकार. रात्री पाणी-बाथरूम एकाच फेरीत.

जाळीच्या भिंतींचा तंबू, ज्याला बग शेल्टर म्हणतात, तो तुम्ही घ्याच. दीड-दोन किलो वजन वाढतं पण बाळ दिवसभर जाळीतल्या टोपीत राहणार नाही, त्याला रांगायला जागा हवी. कड जमिनीला टेकली पाहिजे, दगड किंवा ओंडके ठेवून दाबा. चार इंच फट राहिली तर बांधलाच नाही असं समजा.

कासव छाप जळती कॉइल शेल्टरमध्ये किंवा तंबूत कधीही नाही. धूर कोंडतो आणि तंबू पेटतो. गॅसवर चालणारं यंत्र, ज्यात निळी वडी घालतात, ते उघड्यावर निवांत हवेत काम करतं: पंधरा मिनिटं आधी लावायचं, वडी चार तास टिकते, गॅसची नळी बारा तास. वारा सुटला की निरुपयोगी, पण वारा सुटला की गरजही नसते.

तळ्याकाठी

चूलबोळकी +१. आतल्या भागात डबे-बाटल्यांना बंदी आहे ते वाचून काही जण रिपेलंट घरी ठेवून जातात. ती बंदी खाण्यापिण्याच्या, न जळणाऱ्या डब्यांना आहे. इंधन, औषधं आणि रिपेलंट यांना नाही.

आडवाट

मोठ्या विषयाकडे सगळ्यांनी शिष्टपणे दुर्लक्ष केलंय. तिथलं संडास म्हणजे झाडीत ठेवलेली लाकडी पेटी, थंडरबॉक्स. झाकण आहे, भिंती नाहीत, वारा नाही. टमरेल घेऊन जाणाऱ्यांना तर दोन्ही हात अडकलेले. उपाय: भर दुपारी जा, तेव्हा डास कमी असतात. गुडघ्यापर्यंत येणारा सैल रेनकोट घालून बसा, तो चहूबाजूंनी पडद्यासारखा पसरतो. झाकण उघडल्यावर थोडं थांबा, आतली गर्दी बाहेर पडू द्या. मुलीला एकटीला पाठवू नका, एकाने टोपीने वारा घालत उभं राहायचं.

वल्हेकर

😄 टिपून घेतलं. पोर्टाजवर डोक्यावर कॅनो आणि दोन्ही हात वर, तेव्हा काय?

तळ्याकाठी

कॅनोच्या पोटात माश्या कोंडतात, खरी परीक्षा तीच. कॅनो उचलण्याआधी सगळं करून घ्यायचं: जाळी खाली ओढून कॉलरमध्ये खोचायची, बाह्या मनगटावर घट्ट, हातमोजे (बागकामाचे पातळ चालतात), मनगटावर आणि मानेवर ताजं रिपेलंट. तळवे कोरडे पुसायचे, नाहीतर कॅनोची कड निसटते. मध्ये थांबायचं नाही. सव्वा किलोमीटरला वीसेक मिनिटं लागतात. सामान दोन फेऱ्यांत नेणार असाल तर बाळ आणि त्याला सांभाळणारा शेवटच्या फेरीत, म्हणजे पलीकडच्या टोकाला वाट बघत बसावं लागत नाही.

डीअरफ्लायला रिपेलंटची फारशी भीती नसते. ती हलणाऱ्या गोष्टीच्या सगळ्यात उंच भागाभोवती घिरट्या घालते. टोपीच्या मागच्या बाजूला दोन्हीकडून चिकट असलेली पट्टी लावली की एकेक करून चिकटतात. तुमच्या आठवड्यात ती फार तर नुकतीच सुरू होत असेल.

बाळंतविडा

बाळाबद्दल: फिक्या रंगाचा, पाय झाकलेला सैल झबला-पायजमा, टोपी, आणि उघड्या भागाला मोठ्यांनी आपल्या तळव्यावर घेऊन लावलेलं इकारिडिन. हात, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ नाही. पाठीवरच्या कॅरिअरवर जाळी टाकता येते, पण श्वास घेताना तोंडाला चिकटत नाही ना ते बघा. कॅनोत मात्र बाळावर जाळी बांधून ठेवू नका. कॅनो उलटली तर ती एका झटक्यात निघाली पाहिजे. पाण्यावर वारा असतो, तिथे जाळीची गरजही कमी.

नखं आदल्या दिवशी सगळ्यांची कापा, बाळाचीच नव्हे.

फार्मसीवाला

चावल्यावर: साबण-पाणी, मग तळ्याच्या थंड पाण्यात भिजवलेला रुमाल दहा मिनिटं. खाजेला कॅलामाइन किंवा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून दोनदा पातळ थर. मोठ्यांना सेटिरिझिन १० मिलिग्रॅम दिवसाला एक. ज्यांना हमखास मोठ्या गांधी उठतात त्यांनी ते सहलीच्या दिवसापासूनच सुरू केलं तरी चालतं. मुलीचा डोस डॉक्टरांना किंवा फार्मसीत वजन सांगून विचारा. झोप आणणारी जुनी अँटिहिस्टमाइन वल्हवणाऱ्याने घेऊ नयेत.

भारतातून नुकतेच आलेल्यांना आणि लहान मुलांना इथल्या डासांच्या लाळेची सवय नसते, त्यामुळे हात कोपरापर्यंत सुजणं, डोळा पूर्ण मिटणं हे दिसतं. पहिल्या दिवसात आलेली सूज बहुधा ॲलर्जीची. दोन दिवसांनंतर लाली पसरत चालली, गरम लागली, ताप आला, तर जंतुसंसर्ग, डॉक्टर. काळ्या माश्यांनी फार फोडलं तर डोकेदुखी, मळमळ, बारीक ताप आणि मानेतल्या गाठी सुजणं हेही होतं. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर थांबायचं नाही, मदत मागवायची. फोनला रेंज नसते, उपग्रहावर चालणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते न्या.

मलेरिया-डेंगीची इथे चिंता नाही. डासांतून होणारा वेस्ट नाइल विषाणू आहे, पण त्याचा भर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात.

आडवाट

गोचीड राहिली.

फार्मसीवाला

हो. काळ्या पायांची गोचीड, जिच्यातून लाइम हा जिवाणूंचा आजार होतो, ती किंग्स्टन-ओटावा पट्ट्यात जास्त, अल्गोन्क्विनमध्ये त्या मानाने कमी. पण मे-जूनमध्ये तिचं पिल्लू खसखशीएवढं असतं, दिसत नाही, म्हणून रोज रात्री तंबूत तपासणी: काखा, जांघ, गुडघ्यामागे, बेंबी, केसांत. मुलीची कानामागे आणि केसांत बोटं फिरवून.

चिकटलेली दिसली तर टोकदार चिमटा. कातडीला अगदी भिडवून तिचं तोंड पकडायचं, पोट नव्हे. पोट दाबलं तर आतलं सगळं तुमच्या अंगात जातं. सरळ वर, संथ, एकसारखं ओढायचं, पिळायचं नाही. कातडी तंबूसारखी वर येते, तरी सोडायचं नाही, काही सेकंदांत ती सुटते. रॉकेल, तूप, तंबाखू, काडी, काही नाही. मग साबणाने धुवा, गोचीड सेलोटेपने कागदावर चिकटवून तारीख लिहा. फोटो ईटिक या संकेतस्थळावर टाकला की जात कळते. चोवीस तासांपेक्षा जास्त चिकटून होती असं वाटलं तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस मोठ्यांना देता येतो. ऑन्टारिओत २०२३ पासून फार्मासिस्टही तो लिहून देऊ शकतात.

घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त तापमानावर दहा मिनिटं, मग धुवा. उलट केलंत तर ओल्या कपड्यांतली गोचीड धुण्यातून जिवंत निघते.

नॉर्डिक_कोकणी

लॅपलँडचा (युरोपचं उत्तर टोक) बेत असणाऱ्यांसाठी: वेळापत्रक जवळपास असंच, फक्त महिनाभर पुढे. डास जूनअखेर ते जुलैअखेर, मग बारीक काळी माशी, ऑगस्टअखेर पहिलं दव गोठलं की संपलं. तिथे मध्यरात्रीही उजेड असतो, त्यामुळे "अंधार पडला की माशी झोपते" या हिशेबावर राहू नका.

वल्हेकर

सगळ्यांचे आभार. जाळ्यांची दुकानातली किंमत बघून घरी शिवायचा विचार आहे. सुईदोरा, माप सांगाल?

सुईदोरा

जाळी नोसीयमचीच घ्या, नेहमीच्या मच्छरदाणीतून घुंगुरटं सहज जातं. साडीच्या दुकानातली नेट तर फारच विरळ.

टोपीचा घेर आधी मोजा. डोकं ५७ सेंटिमीटर आणि काठ ७ सेंटिमीटर रुंद असेल तर काठाचा बाहेरचा घेर १०१ येतो. त्यात शिवणीला ४ आणि सैलपणाला ५ धरून ११० रुंद. उंची: टोपीच्या वरचा भाग १०, काठापासून खांद्यापर्यंत ४०, दोन्हीकडे दुमड मिळून ५, म्हणजे ५५. असा एक आयत कापा. उभी शिवण घालून नळी करा, शिवण मागे येईल अशी. वरच्या कडेला दुमड घालून त्यातून दोरी ओवा आणि पूर्ण चुणून गाठ मारा, मधलं भोक बोट जाईल एवढंही राहता कामा नये. राहिलंच तर वर कापडाचा रुपयाएवढा गोल शिवा. खालच्या दुमडीत ३ मिलीमीटरचं गोल इलॅस्टिक, ७० सेंटिमीटर, पुढे दोरीचं बटण. शिवणीला बारीक सुई, ९ नंबरची, आणि टाका लहान, नाहीतर सुईची भोकंच दारं होतात.

मुलीचीही तशीच, तिच्या टोपीचा घेर मोजून. फक्त तिच्या इलॅस्टिकला गळ्याशी आवळणारं बटण नको, खांद्यावरून काखेखाली जाणाऱ्या दोन सैल पट्ट्या शिवा. झाली की घरी घालून पाणी पिऊन बघा, बाटली आतून वर घेता आली पाहिजे, जाळी न उचलता.